थॅलेसेमिया : पिशवीवर 'नॉन-रिॲक्टिव्ह' छापलेलं असूनही संसर्ग कसा होतो, आणि झाल्यावर पुढे काय करायचं?

सुनंदा_डेकेअर

नमस्कार मंडळी. थॅलेसेमिया (तांबड्या पेशी नीट न बनण्याचा जन्मजात आजार, यात जन्मभर रक्त चढवावं लागतं) असलेल्या मुलांच्या डे-केअरमध्ये पालकांना देतो ती नोंदवही नव्याने छापायची आहे. जुन्या वहीत वजन, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी तपासणी) आणि किती मिली रक्त चढवलं एवढेच रकाने आहेत. रक्तातून येणाऱ्या संसर्गांसाठी काहीच नाही. तो भाग या वेळी पक्का करायचा आहे, म्हणून इथे रक्तपेढीत, वॉर्डात आणि समुपदेशनात काम करणाऱ्यांना विचारते.

पालक वारंवार विचारतात ते असं : पिशवीवर पाचही तपासण्या नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, असतात, मग मुलाला कावीळ 'सी' (हिपॅटायटिस सी) लागते कुठून? नॅट (विषाणूचा आरएनए किंवा डीएनए थेट शोधणारी तपासणी) केलेलं रक्त मिळालं की निर्धास्त राहायचं का? फिल्टर लावलेलं किंवा रेडिएशन दिलेलं रक्त घेतलं तर धोका जातो का?

शिवाय एक मुलगा समोर आहे. वय ९, वजन २२ किलो, प्लीहा शाबूत, डेफेरासिरॉक्स (साचलेलं लोह काढण्याचं औषध) चालू, दर ३ आठवड्यांनी रक्त. सहामाही तपासणीत एचसीव्हीचं (हिपॅटायटिस सी विषाणूचं) रॅपिड कार्ड रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आलं. मागचं कार्ड निगेटिव्ह होतं. एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) ६८. घरचे हादरलेत. पुढचा क्रम काय ठेवावा, आणि रक्तपेढीला कोणी, काय कळवायचं?

मिलिंद_रक्तपेढी

सुनंदाताई, पहिल्या भागाचं मी सांगतो. मुलाबद्दल डॉक्टर मंडळी लिहितीलच.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीवर पाच तपासण्या सक्तीच्या आहेत : एचआयव्ही १ आणि २, हिपॅटायटिस बीचं एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणातलं प्रथिन), हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. यातली सीची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्या आणि आज पंचविशी-तिशी ओलांडलेल्या थॅलेसेमिया रुग्णांत सीचं प्रमाण जास्त दिसतं, त्याचं मुख्य कारण हेच. तुमच्या केंद्रात असे मोठे रुग्ण असतील आणि त्यांची सीची तपासणी कधीच झाली नसेल, तर ती आधी करा.

आता नॉन-रिॲक्टिव्ह पिशवीतून विषाणू कसा जातो ते. दात्याला संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. हाच विंडो पिरियड. या दिवसांत दात्याला काही त्रास नसतो, तो हसतखेळत शिबिरात येतो, कार्ड आणि एलायझा (प्रयोगशाळेतली अधिक संवेदनशील तपासणी) दोन्ही स्वच्छ येतात, आणि विषाणू मात्र पिशवीत असतो. एचआयव्हीसाठी फक्त अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) पाहणाऱ्या किटला साधारण ३ आठवडे लागतात. पी-२४ अँटिजेनही (विषाणूचाच अंश) पाहणारी चौथ्या पिढीची एलायझा ते अंतर सव्वादोन आठवड्यांच्या आसपास आणते, नॅट दीड आठवड्याच्या आत. हिपॅटायटिस बीमध्ये एचबीएसएजी दिसायला ५ ते ६ आठवडे, नॅटने साधारण ३ आठवडे. सर्वांत मोठा फरक सीमध्ये पडतो : अँटिबॉडी तयार व्हायला ८ ते १० आठवडे जातात, तर नॅट आठवडाभरातच विषाणूचा आरएनए पकडते. तुमच्या प्रश्नातल्या मुलासारख्या केसेस बहुधा याच दोन-अडीच महिन्यांच्या फटीतून येतात.

एखाद्या अपघातग्रस्ताला आयुष्यात दोन पिशव्या लागतात. थॅलेसेमियात हिशोब वेगळा. २० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिली धरले तर एका वेळी ३०० मिली तांबड्या पेशी, दर ३ आठवड्यांनी, म्हणजे वर्षाला १७ वेळा. दर वेळी दोन पिशव्या लागल्या तर वर्षाला ३४ दाते. विसाव्या वर्षापर्यंत ही संख्या काही शेकड्यांत जाते. एका पिशवीमागचा धोका कितीही लहान असला तरी तो इतक्या वेळा घेतला जातो, म्हणून एरवी चालून जाणारी ढिलाई थॅलेसेमियाच्या मुलाला चालत नाही.

नॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे : मिळत असेल तर थॅलेसेमियाच्या मुलाला ती पिशवी पहिली मिळाली पाहिजे. देशभर ती सक्तीची नाही, त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यात फरक आहे. पण नॅट म्हटल्यावर दोन गोष्टी विचारा. प्रत्येक दात्याचा नमुना स्वतंत्र तपासतात की काही नमुने एकत्र करून? एकत्र केल्यावर विषाणू पातळ होतो आणि अगदी कमी प्रमाणात असलेला बी निसटू शकतो. दुसरं, सुप्त हिपॅटायटिस बी. अशा दात्यात एचबीएसएजी निगेटिव्ह असतं, डीएनए इतका थोडा की कधी सापडतो, कधी नाही. म्हणून नॅटने अंतर खूप कमी होतं, शून्य होत नाही. मलेरिया आणि जिवाणू तर त्या तपासणीच्या कक्षेतच नाहीत.

फिल्टर, रेडिएशन आणि धुतलेल्या पेशी यांबद्दल पालकांत फार गोंधळ आहे. ल्युकोफिल्टर पांढऱ्या पेशी काढतो. त्यामुळे ताप-थंडीच्या रिॲक्शन कमी होतात, दात्याच्या पेशींवरच्या एचएलए या खुणांविरुद्ध अँटिबॉडी बनण्याचं प्रमाण घटतं आणि पांढऱ्या पेशींत राहणाऱ्या सीएमव्हीसारख्या विषाणूंपासून चांगला बचाव होतो. एचआयव्ही, बी आणि सी प्लाझ्मातही मोकळे असतात, त्यांना तो अडवत नाही. रेडिएशन दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना विभागू देत नाही, म्हणजे ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करणं) हा जीवघेणा प्रकार टळतो. त्या मात्रेत विषाणू मरत नाही. पेशी धुतल्याने प्लाझ्मातली प्रथिनं जातात, ॲलर्जी असणाऱ्यांना उपयोग होतो, पण संसर्गाची हमी मिळत नाही. फिल्टर शक्यतो रक्तपेढीतच साठवणुकीआधी लावलेला असावा. खाटेशेजारी लावलेल्या फिल्टरला तोवर पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायनं अडवता येत नाहीत.

दात्यांची संख्या कमी करणं हा उपाय स्वस्त आहे आणि तरीही दुर्लक्षित राहतो. शिबिरात बहुतेक पिशव्या ३५० मिलीच्या असतात, त्यातून मुलाला लागेल इतकं एका दात्यात भागत नाही. ५५ किलोच्या वरच्या दात्याकडून ४५० मिली घेता येतं. तशी एक पिशवी २० ते २२ किलोच्या मुलाला बहुधा पुरते आणि दुसरा दाता टळतो. तान्ह्या बाळांसाठी उलट करता येतं : एकाच दात्याची पिशवी बंद नळीतून लहान पिशव्यांत विभागून ठेवायची आणि मुदतीच्या आत त्याच बाळाला पुन्हा द्यायची. मोठ्या मुलांसाठी ठरावीक ८-१० दात्यांचा गट बांधता येतो. पुरुष दर ९० दिवसांनी, स्त्रिया दर १२० दिवसांनी देऊ शकतात, म्हणून एवढे लागतात. नियमित, स्वेच्छेने देणाऱ्या दात्याची तपासणी वारंवार होत राहते, हा त्याचा मोठा फायदा. ऐन वेळी नात्यागोत्यातून ओढून आणलेला बदली दाता प्रश्नावलीत खरं सांगेलच असं नाही, कारण त्याच्यावर नकार न देण्याचं दडपण असतं. शिवाय थॅलेसेमियासाठी बदली दात्याचा आग्रह धरायचाच नाही, अशा सूचना आहेत. आईवडील आणि भावंडांचं रक्त मात्र घेऊ नका. पुढे बोनमॅरो प्रत्यारोपण करायचं झालं तर त्याचा अडथळा होतो, आणि जवळच्या नात्यात ग्राफ्ट-व्हर्सस-होस्टचा धोका वाढतो.

डॉ_अनघा

मिलिंद यांनी लिहिलेल्याला पूर्ण अनुमोदन. आता त्या मुलाचं.

कार्ड रिॲक्टिव्ह म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. पहिलं पाऊल एचसीव्ही आरएनए, म्हणजे व्हायरल लोड. नमुना पुढच्या रक्ताच्या वेळी, रक्त चढवण्याआधी, क्रॉसमॅचच्या (दात्याचं रक्त जुळतं का हे पाहण्याच्या) नमुन्याबरोबरच काढा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या आणि काही तासांत प्लाझ्मा वेगळा होईल याची खात्री करा. नमुना दिवसभर टेबलावर पडून राहिला तर आरएनए तुटतो आणि खोटा निगेटिव्ह येतो. आरएनए निगेटिव्ह आला तर दोन शक्यता : कार्ड खोटं पॉझिटिव्ह होतं, किंवा संसर्ग होऊन शरीराने तो स्वतः काढून टाकला. तीन ते सहा महिन्यांनी आरएनए पुन्हा करा. पॉझिटिव्ह आला तर उपचार, आणि आजच्या घडीला हा बरा होणारा आजार आहे, हे घरच्यांना त्याच भेटीत सांगा.

उपचार राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतात. २०१८ पासून हा कार्यक्रम सुरू आहे, केंद्रं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत आहेत. सोफोसबुविर आणि वेल्पाटास्विर ही जोडी १२ आठवडे, रोज एकदा. १७ ते ३० किलोच्या मुलाला २०० आणि ५० मिग्रॅ, ३० किलोच्या वर पूर्ण मात्रा ४०० आणि १०० मिग्रॅ. २२ किलोच्या या मुलाला पहिली लागू होईल. मोठ्यांची गोळी घरी अर्धी तोडून देऊ नका, मुलांच्या मात्रेची गोळी केंद्राकडून मागवून घ्या.

थॅलेसेमियात इथे काही खास सावधगिरी लागते. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडतं, रक्ताची गरज वाढवतं, म्हणून शक्य तिथे त्याशिवायचाच कोर्स निवडतात. ज्या मोठ्या रुग्णांच्या हृदयात लोह साचलं आहे आणि जे अमिओडॅरोन (हृदयाचे ठोके नियमित ठेवण्याचं औषध) घेतात, त्यांना सोफोसबुविरबरोबर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही, त्या बंद ठेवा किंवा वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि कोर्स सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सी दबला की आत लपलेला बी उसळी घेऊ शकतो.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए करा. तो निगेटिव्ह असेल तर बरा झाला असं धरतात. पण अँटिबॉडीचं कार्ड त्यानंतरही बरीच वर्षं, बहुधा जन्मभर रिॲक्टिव्ह येत राहील. वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद ठळक ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या रुग्णालयात मुलाला 'पॉझिटिव्ह' म्हणून बाजूला बसवतात. पुढे पुन्हा संसर्ग झाला का हे पाहायचं असेल तेव्हा त्याच्यासाठी कार्ड निरुपयोगी, थेट आरएनएच करावा लागेल.

एएलटी ६८ वरून लगेच डेफेरासिरॉक्स बंद करू नका. एएलटी तीन कारणांनी वाढते : विषाणू, यकृतातलं लोह आणि खुद्द डेफेरासिरॉक्स. ती कशी चढत जाते ते दर महिन्याला पाहा. हिपॅटायटिसमध्ये फेरिटिनही सुजेमुळे फुगतं, त्यामुळे फक्त फेरिटिन पाहून लोह वाढलं असं ठरवून मात्रा वाढवली तर चूक होते. यकृताचं लोह एमआरआयवर मोजलेलं असेल तर निर्णय त्यावर घ्या.

आईचीही सीची तपासणी करून घ्या. ९ व्या वर्षी आणि मागचं कार्ड निगेटिव्ह असताना आईकडून आलेला असण्याची शक्यता नगण्य आहे, पण माग काढताना रक्तपेढी हा प्रश्न विचारणारच.

सुनंदा_डेकेअर

दोघांचे मनापासून आभार. आरएनएचा नमुना पुढच्या भेटीला, रक्त लावण्याआधी काढतो. दोन गोष्टी आणखी विचारते. बीची लस सगळ्यांची झालेली आहे असं पालक सांगतात, तरी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) करावं का? आणि आमच्याकडे रक्तपेढी दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या गावातही. नातेवाईक पिशवी हातात घेऊन येतात. त्यातून संसर्गाचा प्रश्न उद्भवतो का?

शबाना_सिस्टर

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : हो, उद्भवतो, आणि तो विषाणूंचा नसून जिवाणूंचा असतो.

तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात राहायला हव्यात. पिशवी प्लास्टिकच्या थैलीत घालून एसटीने तासभर आणली की ती कोमट होते, आणि दात्याच्या त्वचेवरून आत गेलेले थोडेसे जिवाणूही वाढू लागतात. थर्मोकोलचा डबा, बर्फाची पाकिटं, आणि पाकीट व पिशवीच्या मध्ये कापड किंवा पुठ्ठा. पिशवी थेट बर्फाला टेकली तर पेशी गोठून फुटतात. वॉर्डात आली की ३० मिनिटांत लावायची, जमणार नसेल तर रक्तपेढीत परत. वॉर्डाच्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. गरम पाण्यात बुडवायची नाही, काखेत धरून बसायची नाही. हे प्रकार अजून सर्रास होतात.

लावण्याआधी पिशवी उजेडात धरा आणि तिच्याच नळीच्या तुकड्यातल्या रक्ताशी रंग ताडून पाहा. पिशवीतलं रक्त नळीपेक्षा काळपट-जांभळं दिसत असेल, वरचा थर लालसर झाला असेल, गुठळ्या किंवा गळती असेल, तर ती लावायची नाही. पिशवीला सेटची सुई टोचल्यापासून ४ तासांच्या आत पिशवी संपली पाहिजे. तासाला किलोमागे ५ मिली हा वेग धरला तर २० किलोच्या मुलाला ३०० मिली ३ तासांत जातात, म्हणजे बसतं. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला इतक्या वेगाने देता येत नाही. तिथे रक्तपेढीकडून पिशवी आधीच विभागून घ्यावी लागते, उरलेली अर्धी उद्यासाठी ठेवणं चालत नाही.

पहिली १५ मिनिटं हळू आणि सिस्टर शेजारी. थंडी वाजून थरथर, ताप एक अंशाने किंवा जास्त चढणं, रक्तदाब पडणं, पाठीत किंवा पोटात दुखणं, यातलं काही दिसलं की रक्त बंद. सेट बदलून नव्या सेटने सलाइन चालू ठेवायचं. पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे कल्चरसाठी (जिवाणू वाढतात का हे पाहण्यासाठी) परत, मुलाचं ब्लड कल्चर दुसऱ्या हातातून, आणि जिवाणूंचा संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक. पिशवी कचऱ्यात टाकली की कारण कधीच कळत नाही, म्हणून आमच्याकडे पिशव्या २४ तास बाजूला ठेवण्याची पद्धत आहे.

एक जिवाणू पालकांना नावाने माहीत असावा : यर्सिनिया. तो फ्रिजच्या थंडीत वाढतो आणि त्याला लोह लागतं. थॅलेसेमियाच्या रुग्णात लोह भरपूर, आणि डेसफेराल या लोह काढण्याच्या औषधाचं इंजेक्शन त्याला ते लोह आयतं पोचवतं. पिशवीतूनही येतो, दूषित अन्नपाण्यातूनही. ताप, उजव्या बाजूला पोटदुखी, जुलाब. हे अपेंडिक्ससारखं दिसतं आणि पुष्कळदा तसंच समजलं जातं. लोह काढण्याचं औषध त्याच क्षणी थांबवायचं आणि डॉक्टरांना 'थॅलेसेमिया आहे, यर्सिनियाचा विचार करा' असं स्पष्ट सांगायचं. प्लीहा काढलेल्या मुलाला ३८ अंशांवर ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. त्यांच्यात मलेरियाही जोरात येतो, त्यामुळे रक्त चढवल्यानंतरच्या आठवड्यांत ताप आला तर कोणी सांगायची वाट न पाहता मलेरियाची स्लाइड करा.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून बोलते. डे-केअरमध्ये लागलेला प्रत्येक संसर्ग पिशवीतूनच आला असं धरू नका. एका खोलीत आठ-दहा मुलं, सगळ्यांना कॅन्युला (शिरेतली नळी), आणि ती धुऊन काढायला, म्हणजे फ्लशसाठी, सलाइनची एकच मोठी बाटली. वापरलेली सिरिंज, नुसती सुई बदलून, त्या बाटलीत पुन्हा गेली की सी एका मुलाकडून खोलीभर जातो. प्रत्येक मुलाला स्वतंत्र १० मिलीची कुपी, नवी सिरिंज, उरलेलं फेकायचं. ग्लुकोमीटरचं बोट टोचण्याचं पेनही सामाईक नको. एकाच केंद्रात थोड्या काळात दोन-तीन मुलं पॉझिटिव्ह आली, तर रक्तपेढीच्या नोंदींआधी आपला ट्रॉलीवरचा ट्रे तपासा.

विनय_समुपदेशक

रक्तपेढीला कळवण्याचं मी लिहितो.

जबाबदारी उपचार करणाऱ्या केंद्राची आहे, पालकांची नव्हे. लेखी कळवा, त्यात मुलाचा केंद्रातला क्रमांक, कोणती तपासणी कोणत्या तारखेला रिॲक्टिव्ह, शेवटची निगेटिव्ह कधी, आणि त्या काळातल्या सर्व पिशव्यांचे क्रमांक. काळ मोजताना बहुतेक ठिकाणी गफलत होते. शेवटच्या निगेटिव्ह तारखेपासून मोजून चालत नाही, कारण त्या दिवशीही मूल विंडो पिरियडमध्ये असू शकतं. सीसाठी त्या तारखेच्या आणखी किमान ३ महिने मागे जा. या मुलाच्या बाबतीत ६ अधिक ३, म्हणजे ९ महिने, दर ३ आठवड्यांनी धरून साधारण १३ वेळचं रक्त. एकापेक्षा जास्त रक्तपेढ्यांतून घेतलं असेल तर प्रत्येकीला वेगळं पत्र.

रक्तपेढी मग प्रत्येक क्रमांकाचा दाता शोधते. त्यानंतर पुन्हा रक्त देऊन निगेटिव्ह आलेले दाते यादीतून गळतात, बाकीच्यांना बोलावून तपासतात. दाता पॉझिटिव्ह निघाला तर त्याच पिशवीचा प्लाझ्मा आणि प्लेटलेट कोणाला गेले हेही पाहायचं असतं. रक्तपेढीने नोंदी ५ वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून उशीर करू नका. दात्याची ओळख पालकांना कळत नाही आणि मुलाची दात्याला नाही. राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम (रक्त चढवण्यातून झालेल्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा) २०१२ पासून आहे, त्याच्या फॉर्मवर नोंद करण्याचा आग्रह धरा. माग उलट बाजूनेही येतो : नियमित दाता पुढच्या खेपेला पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या आधीच्या पिशव्या कोणाला गेल्या ते रक्तपेढीने तुम्हाला कळवायचं असतं. तेव्हा तुमच्याकडे पिशवी क्रमांकावरून मूल शोधता आलं पाहिजे. वहीइतकंच केंद्राचं रजिस्टरही त्यासाठी लागेल.

जुनागढमध्ये २०११ साली २३ थॅलेसेमिया मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं उघड झालं, नागपुरात २०२२ मध्ये ४ मुलांची बातमी आली. अशा प्रसंगी संसर्ग नेमका कुठून आला हा प्रश्न सोडवायचा तर प्रत्येक मुलाला कोणत्या तारखेला कोणत्या पेढीची कोणती पिशवी गेली, हे कागदावर असावं लागतं. म्हणून वहीतला माझा रकाना हाच : तारीख, रक्तपेढीचं नाव, पिशवी क्रमांक, संकलनाची तारीख, घटक, नॅट झालं की नाही, फिल्टर कुठे लावला. लिहायला वेळ नसेल तर पिशवीच्या लेबलचा आणि क्रॉसमॅच फॉर्मचा मोबाइलवर फोटो, प्रत्येक वेळी, रक्त सुरू होण्याआधी. जादा चिकट लेबल मिळत असेल तर वहीत चिकटवा.

एचआयव्ही रिॲक्टिव्ह आल्यास आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तीन वेगवेगळ्या किटवर खात्री झाल्याशिवाय कोणालाही निदान सांगू नये. तपासणीआधी पालकांची संमती आणि नंतर गुप्तता, दोन्ही २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहेत. संसर्ग आहे म्हणून डे-केअरने रक्त चढवायला नकार देणं हा त्या कायद्याखाली भेदभाव आहे. वेगळी खाट, वेगळ्या रंगाची फाइल, फाइलवर लाल अक्षरं, हे काहीही लागत नाही. सर्वांसाठी सारखीच हातमोज्यांची आणि सुयांची शिस्त पुरते. नोंदवही शाळेत, एसटीत, नातेवाइकांच्या हातात फिरते, म्हणून संसर्गाचे निकाल वहीच्या शेवटी वेगळ्या घडीच्या पानावर ठेवा, बाहेरून दिसणार नाहीत असे.

डॉ_अनघा

विनय यांनी सांगितलेला घडीच्या पानाचा मुद्दा घ्याच. माझी 'पहिल्या पानावर ठळक' ही सूचना मागे घेते, सीची नोंदही त्याच आतल्या पानावर जाऊ दे.

बीच्या लसीबद्दल : टायटर करावंच. बाळपणीच्या सरकारी वेळापत्रकातली लस झालेली असली तरी वर्षांनंतर अँटिबॉडी खाली जाते. अँटी-एचबीएस (बीपासून संरक्षण देणारी अँटिबॉडी) १० मिली-आययू प्रति मिलीच्या वर असेल तर ठीक. खाली असेल तर एक बूस्टर, ४ आठवड्यांनी पुन्हा टायटर, तरीही वर आलं नाही तर ०, १ आणि ६ महिने असा पूर्ण कोर्स. एक फसगत लक्षात ठेवा : लस घेतलेल्या दात्याची अँटिबॉडी पिशवीतून मुलाकडे येते आणि टायटर काही काळ उसनं वाढलेलं दिसतं. अँटी-एचबीसीही अशीच दात्याकडून येऊ शकते आणि मुलाला जुना बी होऊन गेल्याचा आभास होतो. म्हणून हे नमुने रक्त चढवल्यानंतरच्या दिवसांत कधीही काढू नका, पुढच्या रक्ताच्या अगदी आधी काढा. हिपॅटायटिस एची लसही द्या. लोहाने आधीच थकलेल्या यकृताला एची कावीळ जड जाते.

तपासणीचं वेळापत्रक असं छापा : निदान झाल्यावर, पहिलं रक्त देण्याआधी, एचबीएसएजी, अँटी-एचबीएस, अँटी-एचसीव्ही आणि एचआयव्ही. हा पहिला निकाल नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. १८ महिन्यांखालच्या बाळात आईची अँटिबॉडी असू शकते, तिथे पॉझिटिव्ह आल्यास आरएनए किंवा डीएनएवर पडताळा. त्यानंतर दर ६ महिन्यांनी, शक्य असेल तर कार्डाऐवजी एलायझावर. मधल्या काळात एएलटी अचानक दुप्पट-तिप्पट झाली तर सहामाहीची वाट न पाहता सीचा आरएनए, एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस ईची आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी अँटिबॉडी) करा. ई रक्तातूनही येऊ शकतो आणि सक्तीच्या पाचात तो नाही. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा खूप लवकर कोसळलं आणि रेटिक्युलोसाइट (नव्याने बनलेल्या तांबड्या पेशी) जवळपास नाहीसे झाले, तर पार्व्हो बी-१९ हा विषाणू आठवा. काही दिवस तांबड्या पेशी बनवणंच तो थांबवतो.

एचआयव्ही असलेल्या थॅलेसेमिया मुलांबद्दल थोडं, कारण एआरटी केंद्र (एचआयव्हीवर उपचार करणारं) आणि थॅलेसेमिया केंद्र एकमेकांशी बोलत नाहीत आणि नुकसान तिथेच होतं. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध मज्जेवर दाब आणतं, रक्ताची गरज वाढवतं, आणि डेफेरिप्रोन हे लोह काढण्याचं औषध पांढऱ्या पेशी पाडू शकतं. दोन्ही एकत्र शक्यतो टाळा. एचआयव्हीचं टेनोफोव्हिर आणि डेफेरासिरॉक्स दोन्ही मूत्रपिंडावर ताण आणतात, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं दर महिन्याला पाहा. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध कॅल्शियम, झिंक आणि ॲसिडिटीच्या औषधांशी बांधलं जाऊन वाया जातं. आपल्या मुलांना हाडांसाठी कॅल्शियम आणि बऱ्याचदा झिंक चालू असतं, तेव्हा डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. औषधांची एकच यादी, दोन्ही केंद्रांच्या सहीने, वहीच्या त्याच घडीच्या पानावर राहू द्या.

मिलिंद_रक्तपेढी

एक राहिलं. छापताना पिशवी क्रमांकाचा रकाना रुंद ठेवा. काही पेढ्यांचे क्रमांक वर्ष आणि शिबिराच्या संकेतासकट बरेच लांब असतात, अरुंद चौकटीत पालक शेवटचे चार आकडेच लिहितात आणि नंतर त्या चार आकड्यांच्या प्रत्येक वर्षाच्या पिशव्या निघतात. एका वेळी दोन पिशव्या लागतात तिथे दोन ओळी हव्यात. अर्धीच दिली गेलेली पिशवीही नोंदवायची, किती मिली गेलं त्यासकट.